साखरेचा सेन्सर आणि दंडावरची खाज

सांगली-मिरजेतल्या दवाखान्यांत आपला नंबर येण्याची वाट पाहत बसले, की हल्ली कुणा ना कुणाच्या बाहीखालून डोकावणारी एक पांढरी गोल चकती दिसते. साखर सतत मोजणारा हा सेन्सर. त्याच्या मधोमध केसासारखी बारीक, जेमतेम ५ मिलिमीटर लांबीची लवचीक तार असते. ती त्वचेच्या आत राहते आणि पेशींभोवतीच्या द्रवातली साखर मोजून आकडा मोबाइलवर पाठवते. बनावटीप्रमाणे चकती एकदा लावली की ७, १० किंवा १४ दिवस काढायची नसते. पहिल्यांदा लावून घेणारा प्रत्येक माणूस तारेला घाबरतो, आणि पुढे ज्यांना त्रास होतो त्यांतल्या बहुतेकांना तो तारेचा नसून चकतीच्या खालच्या गोंदाचा असतो.

तासगावला राहणाऱ्या माझ्या थोरल्या बहिणीला, आक्काला, हा अनुभव आला. पहिले तीन सेन्सर विनातक्रार गेले. चौथ्याच्या वेळी सातव्या-आठव्या दिवसापासून दंड खाजू लागला. जवळच्या मेडिकलमधून मिळालेली एक ट्यूब तिने लावली आणि पुरळ चार दिवसांत बसले. पाचवा सेन्सर लावला तेव्हा दुसऱ्याच दिवशी चकतीच्या कडेने बारीक फोड आले आणि त्यांतून लस वाहू लागली. "अरे, तीन वेळा काही झालं नाही, मग आताच कसं काय उठलं?" असे तिने मला फोनवर विचारले. हा प्रश्न फार नेमका आहे आणि त्याचे उत्तर कळले, की पुढचे सगळे निर्णय सोपे होतात. गोंदामुळे त्वचेला होणारे त्रास दोन निरनिराळ्या प्रकारचे असतात. वरून ते सारखे दिसतात, पण त्यांची कारणे वेगळी आणि उपायही वेगळे.

पहिला प्रकार म्हणजे साधी चुरचुर. आपल्या त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत, चपट्या पेशींचा असतो. त्या पेशी कौलांसारख्या एकमेकींवर रचलेल्या असून त्यांच्या फटी तेलकट पदार्थाने लिंपलेल्या असतात. या थरामुळे आतले पाणी आत आणि बाहेरची घाण बाहेर राहते. त्यावर चिकट पट्टी दोन आठवडे बसवून ठेवली, की घाम कोंडतो, वरचा थर पाण्यात राहिलेल्या बोटांसारखा पांढरा आणि भुसभुशीत होतो आणि मग पट्टी ओढून काढताना त्याचे पापुद्रे तिच्याबरोबर निघून येतात. उघडी पडलेली त्वचा चुरचुरते, लाल होते, क्वचित सोललीही जाते. यात शरीराच्या प्रतिकारशक्तीचा काही हात नसतो. ही सरळसरळ झीज आहे. ती कुणालाही होऊ शकते. लहान मुलांना आणि उतारवयातल्या माणसांना ती अधिक होते, कारण त्यांची त्वचा नाजूक असते. एप्रिल-मे महिन्यांत सांगलीच्या उन्हात किंवा उसाच्या फडात काम करणाऱ्याला ती होण्याचा संभव साताऱ्यात सावलीला बसून काम करणाऱ्यापेक्षा उघडच जास्त.

दुसरा प्रकार खऱ्या ॲलर्जीचा, आणि तो समजून घ्यायला आपल्याकडच्या माणसाला पुस्तकाची गरज पडू नये. बिब्बा आपल्याला ठाऊक आहे. एकाच्या अंगाला त्याचे तेल लागले तरी काही होत नाही, दुसऱ्याला मात्र तो असा उततो की अंग सुजून फोड येतात. गाजर गवतही ठाऊक आहे. वर्षानुवर्षे हाताने ते उपटणाऱ्या शेतकऱ्याला एखाद्या वर्षी अचानक मानेवर, पापण्यांवर, कोपराच्या लवणीत खाज सुटते आणि नंतर त्या गवताच्या वाऱ्यालाही उभे राहता येत नाही. आधी इतकी वर्षे काही झाले नव्हते, याचा अर्थ त्या काळात काहीच घडत नव्हते असा नाही. त्या काळात शरीर त्या पदार्थाची ओळख पटवून घेत होते.

ही ओळख पटवण्याची रीत अशी. गोंदातला एखादा अतिसूक्ष्म रेणू त्वचेत झिरपतो आणि तिथल्या प्रथिनाला चिकटतो. त्वचेत पहारा करणाऱ्या पेशी ही नवी जोडगोळी उचलून जवळच्या लसिकाग्रंथीत नेतात आणि तिथे तिला ओळखणाऱ्या टी-पेशींची, म्हणजे प्रतिकारशक्तीतल्या एका जातीच्या पेशींची, एक पलटण तयार होते. याला निदान दहा-पंधरा दिवस लागतात. कधी कित्येक महिने जातात, आणि पुष्कळांच्या बाबतीत असे कधीच घडत नाही. एकदा पलटण तयार झाली, की पुढच्या वेळी तोच रेणू आला तर ती साधारण २४ ते ७२ तासांत त्या जागी पोहोचून हल्ला चढवते. खाज, सूज आणि फोड हे त्या हल्ल्याचे परिणाम. या पेशींची आठवण दीर्घकाळ, बहुधा जन्मभर टिकते. म्हणून आक्काचा चौथा सेन्सर आठव्या दिवशी खाजला आणि पाचवा दुसऱ्याच दिवशी उठला. दर सेन्सरगणिक त्रास लवकर सुरू होणे आणि वाढत जाणे, ही ॲलर्जीची सर्वांत बोलकी खूण आहे.

हा रेणू कोणता, याचा शोध रंजक आहे. ॲक्रिलेट नावाच्या रसायनांचे छोटे रेणू एकमेकांना जोडून लांब साखळ्या झाल्या, की त्यांचे घट्ट प्लास्टिक किंवा गोंद बनतो. या साखळ्या सहसा निरुपद्रवी असतात. मात्र जोडले न गेलेले काही सुटे रेणू मागे राहतात आणि ॲलर्जी करतात ते हे सुटे रेणू. आयसोबॉर्निल ॲक्रिलेट हा त्यांपैकी एक. इन्सुलिन पंपाच्या नळीच्या संचातील गोंदामुळे झालेल्या अशा ॲलर्जीची नोंद बेल्जियममधल्या त्वचारोगतज्ज्ञांनी १९९५ मध्येच केली होती, पण तेव्हा असली उपकरणे वापरणारे थोडे होते आणि तो विषय मागे पडला. पुढे फ्रीस्टाइल लिब्रे हा सेन्सर युरोपात घरोघरी पोहोचला आणि २०१७ मध्ये तिथल्या डॉक्टरांनी हाच पदार्थ त्यात दाखवून दिला. गंमत अशी, की तो मुळात त्वचेला लागणाऱ्या पट्टीत घातलेला नव्हता. चकतीचे प्लास्टिकचे भाग जोडण्याच्या गोंदातून तो हळूहळू खाली पट्टीत उतरत होता. अमेरिकेतल्या संपर्क-त्वचादाहाच्या अभ्यासकांच्या संस्थेने २०२० साठी 'वर्षाचा ॲलर्जीकारक पदार्थ' म्हणून त्याचीच निवड केली. त्यानंतर सेन्सरच्या घडणीत बदल झाले आणि काही नव्या बनावटींत तो पदार्थ आढळेनासा झाला, तरी गोंद म्हटला की कोणते ना कोणते रसायन आलेच. ॲक्रिलेटांखेरीज चीडाच्या झाडाची राळ, तिच्यापासून बनवलेले पदार्थ आणि गोंद टिकावा म्हणून घातलेली संयुगे यांनीही ॲलर्जी झाल्याचे आढळलेले आहे. सेन्सरच्या खोक्यावर या घटकांची यादी सहसा नसते, ही मला खटकणारी गोष्ट आहे. बिस्किटाच्या पुड्यावर मैद्यापासून मिठापर्यंत सगळे छापलेले असते आणि चौदा दिवस अंगाला चिकटून राहणाऱ्या वस्तूवर काही नाही.

आपल्या घरांतल्या बायकांना गोंदाच्या या स्वभावाची ओळख सेन्सरच्या कितीतरी आधी झालेली आहे, ती टिकलीमुळे. कपाळावर टिकलीच्याच आकाराचा खाजरा चट्टा उठणे, किंवा खाज नसतानाही तिथला रंग जाऊन पांढरा डाग पडणे, हे टिकलीच्या गोंदातल्या एका फिनॉल जातीच्या रसायनामुळे घडते. टिकलीने, बँडेजच्या पट्टीने, केसांच्या रंगाने किंवा पार्लरमधल्या जेल नेलपॉलिशने पूर्वी कधी त्रास झाला असेल, तर पहिला सेन्सर लावण्याआधीच डॉक्टरांना तसे सांगावे. जेल नेलपॉलिशचा उल्लेख मुद्दाम केला, कारण ती ॲक्रिलेटांच्याच कुळातली आहे.

आता हे दोन प्रकार घरच्या घरी वेगळे कसे करायचे? मी दोन गोष्टी पाहायला सांगतो: घड्याळ आणि कड. साध्या चुरचुरीचा त्रास पट्टी असताना किंवा ती काढल्यावर लगेच सर्वांत जास्त असतो आणि नंतर एक-दोन दिवसांत ओसरतो. ती चकतीच्या किंवा पट्टीच्या हद्दीतच राहते, आणि खाजेपेक्षा जळजळ अधिक जाणवते. ॲलर्जीत खाज प्रमुख असते, पट्टी काढल्यावरही एक-दोन दिवस ती वाढत जाते, पुरळ हद्द ओलांडून बाहेर पसरते, पाण्याचे बारीक फोड येतात आणि सगळे निवळायला एक-दोन आठवडे लागू शकतात. पट्टी काढल्यावर अर्ध्या तासात मावळणाऱ्या लालीला मात्र आजार समजू नये. दोन्ही प्रकार एकाच दंडावर एकत्र असू शकतात, त्यामुळे ही परीक्षा अचूक नाही. पण डॉक्टरांकडे जाताना आपल्यापाशी सांगण्यासारखे काही असावे, इतपत ती पुरेशी आहे.

येथे रंगाविषयी एक सूचना. पुस्तकांत 'त्वचा लाल होते' असे लिहिलेले असते, कारण त्यांतली चित्रे बहुतांशी गोऱ्या कातडीची असतात. आपल्या सावळ्या त्वचेवर तीच लाली जांभळट, तपकिरी किंवा नुसती काळपट दिसते आणि सहज नजरेतून सुटते. म्हणून डोळ्यांइतकाच हाताचा उपयोग करावा. जागा गरम लागते का, खरखरीत झाली आहे का, आजूबाजूच्या त्वचेपेक्षा वर उचललेली आहे का, हे बोट फिरवून कळते.

साध्या चुरचुरीचा बहुतेक इलाज सेन्सर लावण्याच्या आणि काढण्याच्या पद्धतीत आहे. लावण्याआधी जागा साध्या साबणाने धुवावी, साबण पूर्ण निघून जाऊ द्यावा, आणि पुसल्यावरही काही मिनिटे वाऱ्यावर कोरडी होऊ द्यावी. स्पिरिटचा बोळा फिरवला असेल तर तो उडून जाईपर्यंत थांबावे; ओल्या स्पिरिटवर चकती दाबली की स्पिरिट तिच्याखाली कोंडून जळजळ करते. त्या दिवशी दंडाला तेल, क्रीम, पावडर काही नको. डेटॉलसारखे जंतुनाशक न पातळ करता चोळण्याची आपल्याकडे सवय आहे. ते त्वचेला स्वतःच जाळू शकते. केस दाट असतील तर कात्रीने बारीक करावेत; वस्तऱ्याने केलेल्या न दिसणाऱ्या ओरखड्यांवर गोंद लावणे बरे नव्हे. पुढचा सेन्सर दुसऱ्या दंडावर, किंवा त्याच दंडावर पण चांगले अंतर सोडून लावावा, आणि जुनी जागा पूर्ण पूर्ववत झाल्याशिवाय तिथे परत जाऊ नये. चकती निघू नये म्हणून वरून जादा पट्टी लावायची असेल, तर ती ताणून लावू नये. ताणलेली पट्टी आकसताना त्वचेला बरोबर ओढते आणि तिच्या कडेने फोड येतात. हे फोड ॲलर्जीचे समजून अनेक जण विनाकारण घाबरतात. पट्टीचे कोपरे कात्रीने गोल केले की ते बाहीत अडकून उचकटत नाहीत. पावसाळ्यात भिजल्यावर चकती टॉवेलने घासू नये, टिपून घ्यावी.

काढण्याच्या बाबतीत आपण सारे घाईचे. फटकन ओढले की दुखत नाही, हा समज त्वचेला महागात पडतो. आंघोळीनंतर, त्वचा मऊ असताना, पट्टीच्या कडेला खोबरेल तेल किंवा बेबी ऑइल लावावे आणि पाच-दहा मिनिटे मुरू द्यावे. मग एक कोपरा सोडवून पट्टी वर न उचलता तिच्यावरच मागे दुमडत, त्वचेला समांतर, हळूहळू न्यावी आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी नुकती सुटलेली त्वचा दाबून धरावी. गोंदाचे चिकट अवशेषही तेलानेच निघतात. त्यासाठी रॉकेल, थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर वापरणारी माणसे मी पाहिली आहेत. असे करू नये. शेवटी तेल साबणाने धुवून टाकावे आणि सुगंध नसलेले साधे पेट्रोलियम जेली पातळसर लावावे.

एवढे करूनही चुरचुर राहिली, तर त्वचेवर पारदर्शक पापुद्रा तयार करणारे स्प्रे किंवा ओल्या पुसण्या मिळतात. त्यांचा थर पूर्ण सुकू द्यावा आणि तार आत जाते ती मधली जागा शक्यतो मोकळी ठेवावी. पट्टी निघताना त्वचेऐवजी हा पापुद्रा निघतो, एवढेच त्याचे काम. खऱ्या ॲलर्जीत मात्र त्याचा भरवसा धरता येत नाही, कारण ॲलर्जी करणारे रेणू इतके लहान असतात की दहा-चौदा दिवसांत ते पातळ थरातून पार होऊ शकतात.

ॲलर्जीच्या बाबतीत घरगुती उपायांनी दिवस घालवणे हे माझ्या मते सर्वांत मोठे नुकसान. हळदीच्या पेठेच्या गावात बसून हळदीविरुद्ध लिहिणे धाडसाचे आहे, तरी लिहितो: उठलेल्या पुरळावर हळदीचा लेप देऊ नये. हळदीचीही काहींना संपर्काने ॲलर्जी होते, आणि दुसरे म्हणजे तिचा रंग चढला की खालची त्वचा सुधारते आहे की बिघडते आहे हे डॉक्टरांनाही दिसत नाही. लसणाच्या वाटणाने तर त्वचा चक्क भाजते. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या ज्या ट्यूबने आक्काचे पुरळ बसले, तिच्यात तीव्र स्टेरॉइड, बुरशीचे औषध आणि प्रतिजैविक अशी तिन्हींची खिचडी होती. स्टेरॉइडने सूज दबली, म्हणून ती बरी झाली असे तिला वाटले आणि तिने पुढचा सेन्सर निःशंकपणे लावला. अशा ट्यूबा मनाने बरेच दिवस लावल्या तर त्वचा पातळ होते आणि गजकर्ण असेल तर ते आतल्या आत पसरत राहते. स्टेरॉइड मलम हे वाईट औषध नाही. ॲलर्जीच्या पुरळावर त्वचारोगतज्ज्ञ तेच देतात, पण किती तीव्रतेचे, किती दिवस आणि कुठे, हे ते ठरवतात. सेन्सर लावण्याआधी त्या जागी स्टेरॉइडचा फवारा मारण्याची युक्तीही काही ठिकाणी वापरली जाते. ती स्वतःच्या मनाने करण्याजोगी नाही. सेटिरिझिनसारख्या गोळीचा येथे थोडकाच उपयोग होतो, कारण ती हिस्टामिन या खाज उठवणाऱ्या शरीरातल्या रसायनाला अडवते आणि ही ॲलर्जी मुख्यतः टी-पेशींची आहे.

निदानासाठी पॅच टेस्ट करतात. संशयित पदार्थांचे थेंब असलेल्या छोट्या चकत्या पाठीवर ४८ तास चिकटवून ठेवतात. त्या काढल्यावर एकदा आणि नंतर दोन-तीन दिवसांनी पुन्हा पाठ तपासतात. काही वेळा आठवड्याने तिसऱ्यांदाही पाहावे लागते. या काळात पाठ भिजवायची नाही आणि घाम येईल असे काम करायचे नाही, म्हणून उन्हाळा आणि द्राक्षाचा हंगाम टाळून ती करून घेणे सोयीचे. नेहमीच्या तपासणी संचात सेन्सरमधली ॲक्रिलेटे असतीलच असे नाही. म्हणून वापरलेल्या सेन्सरची पट्टी आणि खोके जपून ठेवून बरोबर न्यावे. त्या पट्टीचा तुकडा लावूनही परीक्षा घेता येते. मात्र असा तुकडा निर्दोष ठरला, म्हणजे ॲलर्जी नाहीच, असा निष्कर्ष काढता येत नाही.

ॲलर्जी सिद्ध झाली तर पहिला मार्ग म्हणजे वेगळ्या घडणीचा सेन्सर. दुसरा मार्ग म्हणजे चकती आणि त्वचा यांच्या मध्ये हायड्रोकोलॉइडचे पातळ ड्रेसिंग घालणे. जखमांवर लावतात तो हा रबरासारखा मऊ तुकडा. त्याला तारेपुरते भोक पाडून आधी तो चिकटवायचा आणि वर सेन्सर लावायचा. काहींना याने चांगला आराम पडतो. पण ड्रेसिंगच्या जाडीइतकी तार कमी खोल जाते, म्हणून डॉक्टरांना विचारून हे करावे आणि सुरुवातीला सेन्सरचा आकडा बोटाला टोचून घेतलेल्या आकड्याशी ताडून पाहावा. त्वचेवर लस वाहत असताना नवा सेन्सर लावायचाच नाही. तोवर ग्लुकोमीटर बाहेर काढावा. सेन्सर काढला आणि तपासणीही थांबली, असे घडणे इन्सुलिन घेणाऱ्या माणसाला पुरळापेक्षा कितीतरी धोक्याचे आहे. ॲक्रिलेटची ॲलर्जी आहे हे आपल्या फाइलवर ठळक लिहून ठेवावे आणि दाताच्या डॉक्टरांनाही सांगावे, कारण दातांत भरायच्या काही पदार्थांत त्याच कुळातली रसायने असतात.

तार गेलेल्या जागी पू दिसला, दुखणे आणि सूज वाढत गेली, लाल रेघ वर सरकू लागली किंवा ताप आला, तर हा जंतुसंसर्ग आहे. तेव्हा सेन्सरचे किती दिवस उरले आहेत याचा हिशेब करत बसू नये. तो काढून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे, कारण साखर वाढलेली असताना असा संसर्ग लवकर पसरतो.

पुरळ गेल्यावर मागे काळा डाग राहतो आणि तो पाहून माणसे पुन्हा मलम चोळू लागतात. त्वचेला दाह झाला की रंग तयार करणाऱ्या पेशी जास्त रंग सोडतात. हा डाग त्याचा असून तो खाजत नसेल तर आजार संपलेला आहे. तो फिका व्हायला काही महिने लागतात आणि ऊन लागले तर आणखी वेळ जातो. आक्काच्या डाव्या दंडावर तो अजून आहे. आता ती वेगळ्या घडणीचा सेन्सर वापरते आणि बागेच्या फवारणीच्या वहीतच मागच्या पानावर त्याचीही नोंद ठेवते: कोणता दंड, लावल्याची तारीख, खाज कितव्या दिवशी. बाहेर कामाला जाताना डागावर ओढणीचे टोक बांधते, आणि खाजेच्या रकान्यात गेल्या तीन वेळा तिने फुली मारली आहे.